फ्रॅक्टल डिझाइन : बंद दारापासून उघड्या जाळीपर्यंत

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोथेनबर्ग या बंदराच्या शहरात २००७ साली हान्नेस वालिन यांनी स्थापन केलेल्या ‘फ्रॅक्टल डिझाइन’ या कंपनीचा इतिहास हा वरकरणी एका पत्र्याच्या पेटीचा इतिहास आहे. ज्या पेटीत मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस बसवला जातो, जिला जगात ‘केस’ म्हणतात आणि आपल्याकडचे दुकानदार व जुळणी करणारे कारागीर ‘कॅबिनेट’ म्हणतात, ती पेटी संगणकाच्या वेगात थेट काहीही भर घालत नाही. त्यामुळे खरेदीच्या यादीत तिचे नाव बहुधा शेवटी येते आणि उरलेल्या पैशांत ती घेतली जाते. तरीही घरी बसून स्वतः संगणक जुळवणाऱ्याचा खरा संबंध याच वस्तूशी येतो, कारण स्क्रू फिरवताना त्याच्या बोटांना किती जागा मिळेल, केबल कुठून वळतील, आतली उष्णता कशी बाहेर पडेल आणि रात्री खोलीत किती आवाज राहील, हे सारे तीच ठरवते. या दुर्लक्षित वस्तूकडे संपूर्ण लक्ष देणे हेच एखाद्या नव्या कंपनीचे भांडवल होऊ शकते, हे फ्रॅक्टलने दाखवले.

अशी कंपनी उभी राहणे शक्य झाले ते प्रमाणीकरणामुळे. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, १९८४ मध्ये त्याची ‘एटी’ ही पुढची आवृत्ती आली, आणि १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डची लांबी-रुंदी ३०५ बाय २४४ मिलिमीटर असावी, तो पेटीला जोडणाऱ्या स्क्रूंची भोके अमुक ठिकाणी असावीत, मागच्या बाजूची जोडणीची खिडकी तमुक मापाची असावी, असे नियम त्यात घालून दिलेले होते. त्यामुळे तैवानात बनलेला मदरबोर्ड युरोपात आखलेल्या पेटीत बिनचूक बसू लागला, आणि मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बनवण्याची कोणतीही क्षमता नसलेल्या माणसालाही केवळ पेटीचा व्यवसाय करता येऊ लागला. प्रारंभीच्या पेट्या मात्र सगळ्या एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या असत, त्यांच्या पत्र्याच्या कडा हात कापत, आणि हवा खेळण्याचा विचार त्यांत जवळजवळ नसे. तैवानच्या ‘लियान ली’ने ॲल्युमिनियमच्या नेटक्या पेट्या काढून आणि अमेरिकेच्या ‘अँटेक’ने २००३ मध्ये ‘सोनाटा’ व २००५ मध्ये ‘पी१८०’ या शांत पेट्या आणून ही स्थिती पालटायला आरंभ केला. ‘पी१८०’मध्ये तीन थरांची भिंत वापरून आवाज अडवण्याचा आणि एसएमपीएस तळाशी वेगळ्या कप्प्यात ठेवण्याचा प्रयोग होता, आणि पुढे फ्रॅक्टलने जे केले त्याची बीजे त्यात स्पष्ट दिसतात. नवागताचे श्रेय मोजताना हे ऋण नोंदवणे न्यायाचे आहे.

गोथेनबर्ग हे यंत्रनिर्मितीची दीर्घ परंपरा असलेले शहर आहे. बॉल बेअरिंग बनवणारी ‘एसकेएफ’ तेथे १९०७ मध्ये स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिच्याच छायेत ‘व्होल्वो’ने मोटारी बनवायला सुरुवात केली. फ्रॅक्टलने मात्र तेथे कारखाना काढला नाही. आराखडा स्वीडनमध्ये आणि उत्पादन चीनमध्ये, अशी विभागणी तिने स्वीकारली, आणि ‘स्वीडनमध्ये अभिकल्पित’ हे शब्द आपल्या मालाची ओळख म्हणून वापरले. ज्या काळात इतर अनेक उत्पादक खेळप्रेमी तरुणांना आकर्षित करण्यासाठी पेट्यांवर दिवे, टोकदार कंगोरे आणि प्लॅस्टिकची चिलखते चढवत होते, त्या काळात या कंपनीने काळा, सपाट, बिनशोभेचा चेहरा निवडला. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. घरी संगणक जुळवणारा माणूस प्रौढ असू शकतो, तो संगणक बैठकीच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत ठेवू इच्छितो आणि त्याला त्यातून शांतता हवी असते, असा एक अंदाज त्यामागे होता, आणि तो खरा ठरला.

कंपनीचे नाव झाले ते ‘डिफाइन’ या मालिकेमुळे. तिची ‘आर२’ ही आवृत्ती २०१० च्या आरंभी आणि ‘आर३’ त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ग्राहकांपर्यंत पोहोचली. या पेट्यांच्या बाजूच्या पत्र्यांना आतून डांबरासारख्या जड, दाट पदार्थाचे थर चिकटवलेले असत. पातळ पत्रा पंख्याच्या आणि हार्ड डिस्कच्या कंपनाबरोबर स्वतःच घुमू लागतो. त्याचे वजन वाढवले की तो घुमत नाही, एवढेच साधे तत्त्व त्यामागे होते. पुढच्या बाजूला ध्वनिशोषक स्पंज लावलेले बंद दार होते आणि हवा त्या दाराच्या कडेच्या फटींतून आत घेतली जाई. हार्ड डिस्क ज्या तबकांवर बसत, त्यांच्या स्क्रूंखाली रबरी चकत्या असत, म्हणजे डिस्कचे कंपन सांगाड्यात उतरत नसे. सर्वांत कल्पक भाग होता तो ‘मोड्युव्हेंट’ नावाच्या झाकणांचा. छतावर आणि बाजूला पंख्यांसाठी जागा ठेवून ती दाट पदार्थाच्या झाकणांनी बुजवलेली असे. ज्याला शांतता हवी त्याने ती तशीच ठेवावीत आणि ज्याला अधिक हवा हवी त्याने झाकण काढून तेथे पंखा बसवावा. शांतता आणि थंडावा यांच्यात निवड करण्याचा अधिकार उत्पादकाने आपल्याकडे न ठेवता जुळवणाऱ्याच्या हाती दिला, ही या कंपनीच्या विचाराची पहिली ठळक खूण होय, आणि तिच्या पुढील पंधरा वर्षांच्या उत्तम कामात ती पुन्हा पुन्हा भेटते.

डिस्कची तबके आणि पंख्यांची पाती पांढरी ठेवून बाकी सारे काळे करण्याची रीतही याच काळातली आहे. कमी खर्चात पेटी ओळखू येण्यासाठी तिचा उपयोग झाला; परंतु अंधाऱ्या पेटीत वाकून काम करणाऱ्याला पांढरे तबक सहज दिसते, हा तिचा लाभही लहान नाही. मदरबोर्ड ज्या पत्र्यावर बसतो त्याला रबरी कडांची मोठी भोके ठेवून केबल त्याच्या मागून नेणे, प्रोसेसरवरचा थंडावा देणारा भाग मदरबोर्ड न काढता बदलता यावा म्हणून त्या पत्र्याला खिडकी ठेवणे, हवा आत येण्याच्या ठिकाणी काढून धुता येईल अशी धूळगाळणी बसवणे, या गोष्टी एकट्या फ्रॅक्टलने शोधलेल्या नव्हेत; त्या त्या सुमारास अनेकांच्या पेट्यांत येत होत्या. पण त्या सर्व एकाच मध्यम किमतीच्या पेटीत, एकाही ठिकाणी हात न राखता देणे, हे तिने केले, आणि इतर उत्पादकांना तो स्तर गाठावा लागला.

२०१२ च्या उन्हाळ्यात आलेली ‘डिफाइन आर४’ ही या पहिल्या पर्वातील सर्वांत परिपक्व कृती मानावी लागेल. तिच्यात आठ हार्ड डिस्कची सोय होती आणि पंख्यांना १२, ७ किंवा ५ व्होल्ट पुरवून त्यांचा वेग तीन पायऱ्यांत बदलणारा नियंत्रक दाराच्या आतच बसवलेला होता. डिस्कचा वरचा पिंजरा जागेवर असताना २९५ मिलिमीटरपर्यंत लांबीचे ग्राफिक्स कार्ड बसे. तो पिंजरा उचलून काढला की हीच मर्यादा ४३० मिलिमीटरवर जाई. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ‘आर५’मध्ये पिंजरे अधिक सुटे झाले आणि पुढचे दार डावीकडे किंवा उजवीकडे, टेबल जिकडे असेल त्याप्रमाणे, उघडता येऊ लागले. याच वर्षांत ‘नोड’ मालिका उभी राहिली. २०१२ च्या ‘नोड ३०४’मध्ये केवळ १७० मिलिमीटर चौरस असलेला ‘मिनी-आयटीएक्स’ मदरबोर्ड आणि सहा हार्ड डिस्क एकत्र बसत, त्यामुळे घरच्या घरी छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे साठवणारा संगणक बनवू इच्छिणाऱ्यांची ती फार वर्षे पहिली पसंती राहिली. २०१४ च्या ‘नोड ८०४’मध्ये उष्ण भाग एका कप्प्यात आणि डिस्क व एसएमपीएस दुसऱ्या कप्प्यात, अशी शेजारी-शेजारी मांडणी करून घनाकार पेटी साधली गेली.

दरम्यान पेटीच्या पोटातील सामानच बदलू लागले होते. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हसाठी लागणारे सव्वापाच इंची कप्पे निरुपयोगी होत चालले आणि पातळ एसएसडी मदरबोर्डच्या मागेही चिकटवता येऊ लागल्या. अमेरिकेच्या ‘एनझेडएक्सटी’ने २०१४ च्या ‘एस३४०’ या पेटीतून पुढचे कप्पे पूर्णपणे काढून टाकले व एसएमपीएस झाकणाखाली लपवला, आणि साऱ्या व्यवसायाने तो मार्ग धरला. फ्रॅक्टलने २०१५ च्या ‘डिफाइन एस’मध्ये पुढचा भाग मोकळा करून ती जागा पाण्याने थंड करण्याच्या यंत्रणेला दिली. पुढे कडक केलेल्या काचेच्या भिंतींची लाट आली, तिच्यातही ही कंपनी सामील झाली; या भागात सांगण्याजोगे वेगळेपण फारसे नाही.

खरे वळण आले ते उष्णतेमुळे. २०१२ मधील एनव्हिडियाचे ‘जीटीएक्स ६८०’ हे कार्ड १९५ वॉट वीज घेई. २०२० चे ‘आरटीएक्स ३०९०’ ३५० वॉट आणि २०२२ चे ‘आरटीएक्स ४०९०’ ४५० वॉट घेऊ लागले. घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पेटीत उतरते, आणि बंद दाराच्या कडेच्या फटी एवढी उष्णता काढू शकत नाहीत. पंख्यांना पुरेशी हवा मिळाली नाही की ते अधिक वेगाने फिरतात, वेगाबरोबर त्यांचा आवाज झपाट्याने वाढतो, आणि आवाज अडवण्यासाठी लावलेले दारच अखेरीस आवाजाचे कारण ठरते. ज्या कंपनीची सगळी कीर्ती त्या दारावर उभी होती तिला हे स्वीकारणे सोपे नव्हते. २०११ च्या ‘आर्क मिडी’ या जाळीदार पेटीतून तिने या बाजूला एक पाऊल आधीच टाकलेले होते. २०१७ मध्ये ‘मेशिफाय सी’ आली तेव्हा हे वळण पूर्ण झाले. तिचा दर्शनी भाग म्हणजे घड्या घातलेल्या काळ्या पोलादी जाळीचा एक असमान कोनांचा पडदा होता, म्हणजे हवेसाठी आवश्यक असलेली जाळी हीच पेटीची शोभा करण्यात आली. तरी कंपनीने जुने तत्त्व सोडले नाही. २०२० च्या ‘डिफाइन ७’बरोबर छताची दोन झाकणे मिळत, एक ध्वनिरोधक आणि एक हवेशीर, आणि कोणते लावायचे ते घेणाऱ्याने ठरवायचे.

या विचाराचे टोक म्हणजे ऑगस्ट २०२१ मधील ‘टॉरेंट’. पुढच्या बाजूला १८० मिलिमीटर व्यासाचे आणि ३८ मिलिमीटर जाडीचे दोन पंखे तिच्यात बसवलेले होते. १२० मिलिमीटरच्या नेहमीच्या पंख्यापेक्षा अशा पंख्याचे क्षेत्र सव्वादोन पट भरते, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून आणि म्हणून शांतपणे ढकलतो. आणखी धाडसाचा निर्णय एसएमपीएसचा होता. सुरुवातीच्या एटीएक्स पेट्यांत तो वर असे आणि नंतरच्या काळात सर्वांनी तो तळाशी नेला. ‘टॉरेंट’ने तो पुन्हा वर चढवला, कारण तळ मोकळा झाला की तेथे तीन पंखे बसतात आणि सर्वाधिक तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डला खालून थेट ताजी हवा मिळते. प्रचलित रूढी जिथून आली ते कारण उरले आहे का, हे तपासून पाहण्याची ही वृत्ती या कंपनीच्या इतिहासातील सर्वांत अनुकरणीय गोष्ट आहे. याच पेटीने कंपनीला एक कठीण प्रसंगही दाखवला. अनेक पंख्यांना एकत्र वीज पुरवणाऱ्या छोट्या हबमध्ये शॉर्ट सर्किट होण्याचा संभव आढळल्यामुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने ग्राहकांना त्याचा वापर थांबवण्याची जाहीर सूचना दिली आणि बदली हब पुरवले. या इतिहासात यशाबरोबर ही नोंदही असली पाहिजे, कारण घरी संगणक जुळवणाऱ्याच्या मागे तपासणीसाठी कोणताही कारखाना उभा नसतो आणि सुट्या भागाच्या निर्दोषतेची जबाबदारी त्याच्या उत्पादकावरच येते.

लहान पेट्यांच्या क्षेत्रात कंपनीचा प्रवास अधिक अडखळत झाला. ‘एरा’ या ॲल्युमिनियमच्या देखण्या पेटीला लाकडी किंवा काचेचे छत होते, पण तिच्यात उष्णता कोंडत असल्याची टीका परीक्षकांनी केली आणि ती रास्त होती. २०२४ च्या ‘एरा २’मध्ये भिंतींना दाट छिद्रे पाडून तो दोष दूर करण्यात आला. मधल्या काळात, २०२३ मध्ये, ‘टेरा’ आली. अवघ्या १०.४ लिटर आकारमानाच्या या पेटीत मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि ‘राइजर’ नावाची चपटी केबल त्यांना जोडते. ही मांडणी जर्मनीच्या ‘डॅन केसेस’ने सुमारे ७ लिटरच्या ‘ए४-एसएफएक्स’ या पेटीतून आधीच लोकप्रिय केलेली होती; ‘टेरा’ने तिच्यात जी भर घातली ती मधल्या कण्याची. हा कणा दोन्ही बाजूंना सरकवता येतो, त्यामुळे जाड कार्ड असेल तर तिकडे जागा द्यावी आणि प्रोसेसरवर उंच पंखा हवा असेल तर इकडे, अशी मुभा राहते. २०१० च्या झाकणांतील कल्पना येथे नव्या रूपात अवतरलेली आहे.

नोव्हेंबर २०२२ मधील ‘नॉर्थ’ने कंपनीला तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर नेले. तिच्या दर्शनी भागावर खऱ्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या आहेत, काळ्या पेटीवर अक्रोडाच्या आणि पांढऱ्या पेटीवर ओकच्या. पट्ट्यांमधील फटींतून आत हवा जाते आणि त्यामागे १४० मिलिमीटरचे दोन पंखे फिरतात. छताच्या मागच्या कडेला चामड्यासारख्या पदार्थाची एक छोटी पट्टी आहे, ती ओढली की छत निघते. लाकूड पूर्वीही काही पेट्यांवर आले होते, परंतु तेथे ते चिकटवलेली शोभा असे. ‘नॉर्थ’मध्ये तेच हवेचा मार्ग झाले. संगणक ही घरातील फर्निचरमध्ये सामावणारी वस्तू असू शकते हे या पेटीने पटवले, आणि त्यानंतर अनेक उत्पादकांच्या पेट्यांवर लाकडी पट्ट्या दिसू लागल्या. २०२४ मध्ये कापडाचे आवरण असलेली ‘मूड’ ही उभी पेटीही त्याच दिशेने आली. कंपनीच्या सर्व कृतींत ‘टॉरेंट’ अधिक बुद्धिमान असली तरी ‘नॉर्थ’ अधिक पूर्ण आहे, असे मत येथे नोंदवायला हरकत नाही.

व्यावसायिक अंगाने पाहता, फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘फ्रॅक्टल गेमिंग ग्रुप’ या नावाने कंपनीचे समभाग स्टॉकहोमच्या नॅसडॅक फर्स्ट नॉर्थ या बाजारात नोंदले गेले. पुढे ‘रिफाइन’ ही खुर्ची आणि ‘स्केप’ हा हेडसेट काढून तिने पेटीच्या बाहेरही पाऊल टाकले आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे भाग घेऊन संगणक जुळवण्याची प्रथा महाराष्ट्रात फार जुनी आहे, आणि या प्रथेत वाढलेल्या मराठी वाचकाने या इतिहासाकडे आपल्या हवामानाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. स्वीडनमधील थंड खोलीसाठी आखलेली बंद दाराची पेटी नागपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात, खोलीचेच तापमान चाळीस अंशांकडे झुकत असताना, उपयोगी पडत नाही. तेथे जाळीची पेटीच हवी. जाळीबरोबर धूळ अधिक येते, म्हणून ओढून काढता येणारी आणि नळाखाली धुता येणारी गाळणी असलेली पेटी निवडणे आणि ती महिन्यातून एकदा स्वच्छ करणे हा त्याचा अटळ भाग आहे.

उत्पादने झपाट्याने जुनी होणाऱ्या या व्यवसायात कंपनीच्या कामाचे मोल टिकाऊपणावरून ठरवावे लागते, आणि त्याचे प्रमाण मोजपट्टीने घेता येते. २०१२ च्या ‘डिफाइन आर४’मधून डिस्कचा वरचा पिंजरा काढला, तर त्यानंतर दहा वर्षांनी बाजारात आलेले, ३०४ मिलिमीटर लांबीचे, एनव्हिडियाच्या स्वतःच्या बनावटीचे ‘आरटीएक्स ४०९०’ कार्ड तिच्यात आजही बसते. फक्त पुढचे दार उघडे ठेवावे लागते.